मधुघट आणि वरणभात

आपल्या सीमेवरच्या माणसाच्या तोंडी दारूसाठी शब्दांची वाण नाही. आमच्या अक्कलकोटकडे शिंदी म्हणतात. तीच वेशीपलीकडच्या कन्नड शेजाऱ्याच्या तोंडी सेंदी होते. हातभट्टीची, देशी, पहिल्या धारेची हे झाले नित्याचे शब्द. पोथीतले हवे असतील तर सुरा, मद्य, मदिरा, वारुणी. यांतला एकेक शब्द मोठ्याने उच्चारून पाहा. एक तर तो भिंतीआड कुजबुजायचा आहे, नाही तर रंगभूमीवर टाळ्या घ्यायचा. पण वरणभाताच्या ताटाशेजारी पेला ठेवून, दोन घोट घेऊन, ‘आज आमटीत गूळ जास्त पडला, म्हणून हे आंबट लागते आहे’ असे कोणाला म्हणावयाचे असेल तर त्या पेल्यातल्या वस्तूला काय म्हणावे, हे मराठीने ठरवलेलेच नाही. हल्ली आपण ‘वाईन’ म्हणतो आणि मोकळे होतो.

या न ठरवण्यामागे एक इतिहास आहे, आणि तो मला ग्वाल्हेरला जितका स्पष्ट दिसला तितका पुण्या-मुंबईत कधी दिसला नाही. गेल्या मे महिन्याच्या सुटीत पंधरा दिवस लष्करला मावशीकडे राहिलो आणि त्यांतल्या पाच संध्याकाळी, हजार रुपयांच्या आतल्या पाच बाटल्या घरच्या रोजच्या जेवणाबरोबर चाखून त्यांना रीतसर गुण दिले. मुख्याध्यापकाने हे असे छापून आणावे का, हा प्रश्न आमच्या शिक्षकखोलीत निघणारच. निवृत्तीला एक वर्ष उरले आहे. तेवढ्यात काय निघायचे ते निघू द्या.

लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचा मराठी भाग. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, ती पुन्हा उठलीच नाही. तंबूंचे वाडे झाले आणि छावणीचे नाव शहराला लागले. दौलतगंज, पाटणकर बाजार, फाळका बाजार, चिटणीसांची गोठ ही नावे आजही रिक्षावाल्याला सांगता येतात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि दोन्हींच्या मध्ये एक गोड खिचडी. मावशी १९५८ साली लग्न होऊन तेथे गेली. ‘तू ये तर सही, मग पाहून घेऊ,’ असे तिचे मराठी आहे. आपल्याकडे मराठी वाक्यात कन्नड हेल येतो तसेच ते. म्हणून तुम्हा वाचकांना हे घर परके वाटणार नाही.

ग्वाल्हेरचा किल्ला मला प्रथम दाखवला तो मावशीच्या यजमानांनी. आम्ही त्यांना काका म्हणत असू. १९७७ चा मे महिना, मी नऊ वर्षांचा. काका एका कचेरीत कारकून होते, पण त्यांचे खरे मन इतिहासात. किल्ल्याच्या चढावर ते मला एका राजपुत्राची गोष्ट सांगत होते. शहाजहानचा धाकटा मुलगा मुरादबक्ष शूर होता, भोळा होता आणि प्यालेला असे. औरंगजेबाने त्याला दाराविरुद्ध आपल्या बाजूला घेतले, समूगढची लढाई जिंकली आणि मग १६५८ च्या जूनमध्ये मथुरेजवळच्या छावणीत मेजवानीला बोलावले. मद्य पुढे आले. मुराद झोपी गेला तेव्हा त्याची हत्यारे काढून घेतली गेली, आणि जागा झाला तो कैदी म्हणून. पुढे त्याला या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर आणले आणि १६६१ च्या डिसेंबरात येथेच त्याचा शिरच्छेद झाला. सांगून झाल्यावर काका हसले आणि म्हणाले, ‘शुद्धीवर असता तर निदान लढला असता.’

ते हसणे मला पुढे अनेक वर्षे कळले नाही.

इतिहासात एम.ए. करताना बर्नियेचे प्रवासवर्णन हाती आले, तेव्हा त्या किल्ल्यावरचे आणखी एक पेय समजले. अफूची बोंडे कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालायची आणि ते पाणी, पोस्त, राजबंद्याला रोज सकाळी अन्नाआधी द्यायचे. काही महिन्यांत माणूस शरीराने झिजतो, बुद्धीने मंदावतो आणि एक दिवस निमूट मरतो. दाराचा मुलगा सुलेमान शुकोह याला औरंगजेबापुढे उभे केले तेव्हा त्याने एकच विनंती केली: मला पोस्त देऊ नका, त्यापेक्षा आत्ताच मारा. बादशहाने वचन दिले. १६६२ मध्ये सुलेमान याच किल्ल्यावर मेला. कसा, ते वचनावर किती विश्वास ठेवायचा त्यावर अवलंबून आहे.

याच गावात त्याआधी सव्वाशे वर्षे बाबर येऊन गेला होता. त्याची गोष्ट मला मुरादच्या गोष्टीहून अधिक मानवी वाटते. बाबर पट्टीचा पिणारा. काबूलच्या डोंगरात मित्रांबरोबर कोठे, किती, कोणत्या फुलांच्या सावलीत प्यालो, हे तो आपल्या आत्मचरित्रात मनमोकळेपणाने लिहितो. राणा संगाशी खानव्याची लढाई तोंडावर आली तेव्हा, २५ फेब्रुवारी १५२७ रोजी, त्याने मद्य सोडल्याची शपथ घेतली. सोन्यारुप्याच्या सुरया आणि पेले फोडून गोरगरिबांना वाटले. गझनीहून नुकतेच उंटांवर लादून आलेले मद्य होते, त्यात मीठ टाकून त्याचा शिरका करायला सांगितले. पुढच्या वर्षी सप्टेंबरात तो ग्वाल्हेरला आला. रात्री कान ठणकत होता आणि चांदणेही पडले होते, म्हणून अफू घेतली. दुसऱ्या दिवशी उलट्या झाल्या. तशाही स्थितीत हा गृहस्थ उठून राजा मानसिंहाचा महाल खोली-खोलीने पाहून आला. उरवाही दरीतल्या जैन मूर्ती फोडण्याचा हुकूम त्याने येथेच दिला, आणि येथल्याच एका बागेतली लाल कण्हेर आवडली म्हणून रोपे आग्र्याला नेली. एकाच माणसाची ही दोन्ही कामे आहेत. वर्गात शिकवताना मी दोन्ही सांगतो. त्यानंतर काही महिन्यांनी काबूलच्या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो कबूल करतो की दोन वर्षे मैफलीची ओढ इतकी होती की रडू येई. तिकडचे खरबूज कापताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले. आग्र्याच्या बागेत द्राक्षाचा वेल लावून त्याला घड आले, तेव्हा हिंदुस्थानातही हे पिकते म्हणून त्याला केवढा आनंद! द्राक्षे मिळाली, पण पेला सुटला होता.

आता शिंदेशाहीकडे येतो. जयाजीरावांच्या कारकिर्दीत, १८७४ मध्ये, जयविलास राजवाडा उभा राहिला. बांधणारा मायकेल फिलोज हा महादजींच्या काळापासून शिंद्यांच्या चाकरीत असलेल्या इटालियन घराण्यातला. या राजवाड्याचा काही भाग १९६४ पासून संग्रहालय म्हणून खुला आहे, आणि तेथे जाणारा प्रत्येक मराठी पाहुणा ज्या एका वस्तूपुढे रेंगाळतो ती म्हणजे जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी. माधवराव महाराजांना रेल्वेचे वेड. राज्यभर दोन फुटी रुळांची छोटी गाडी धावत असे, तिचा शेवटचा टप्पा २०२० मध्ये बंद पडला. टेबलावरची गाडी विजेवर चाले. डब्यांवर शिंद्यांच्या नावाची रोमन अक्षरे आणि डब्यांत काचेच्या सुरया: ब्रँडी, पोर्ट, जोडीला सिगार. गाडी पाहुण्यापुढे येई, त्याने सुरई उचलली की थांबे, परत ठेवली की पुढे जाई. एका मेजवानीत ती बिघडली आणि थांबेचना, साहेबलोकांच्या कपड्यांवर पदार्थ सांडत सुसाट फिरत राहिली, अशी दंतकथा आहे. ती खरी असावी अशी माझी इच्छा आहे.

पण रेल्वेप्रेमींनी क्षमा करावी, मला त्या गाडीत वेगळेच काही दिसले. पोर्ट आणि ब्रँडी ही जेवणाबरोबरची पेये नव्हेत. साहेबी रिवाजात ती जेवण उरकल्यावर घ्यावयाची. म्हणजे राजवाड्याच्या टेबलापर्यंत जे आले ते समारंभाचे, पाहुण्यांना दाखवायचे. खाली बाजारात काय होते? कलालाची भट्टी. चैत्रात पहाटे मोहाची फुले टपटपतात, ती वेचायची, वाळवायची, भिजवून आंबवायची आणि गाळायची. मध्य भारतातल्या आदिवासींच्या घरी ती देवाला चढते, बारशाला लागते, लग्नाला लागते. त्या घरांत तिला मान आहे. मध्य प्रदेश सरकारने २०२२ मध्ये ‘वारसा मद्य’ म्हणून तिला कागदोपत्रीही मान दिला. पण संस्थानी आणि इंग्रजी आबकारीच्या व्यवस्थेने मक्ता लिलावात काढला, आणि गावाच्या टोकाची कलाली हे पोटात काही नसताना झटपट घशाखाली ओतून बाहेर पडण्याचे ठिकाण झाले. वर राजवाड्यात जेवणानंतर, खाली कलालीत जेवणाआधी. जेवणाबरोबर कोठेच नाही.

आणि या दोहोंच्या मध्ये आपण: कारकून, मास्तर, वकील, भिक्षुक. आपल्या दारात एक नाटक उभे राहिले. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला प्रथम रंगभूमीवर आले. नाटककार जानेवारीतच गेले होते. बालगंधर्वांची सिंधू पाहून घरी परतलेल्या तीन पिढ्यांतल्या बायकांनी मनाशी जे ठरवले ते कोणत्याही दारूबंदी कायद्याला जमले नसते. मी त्या नाटकाचा अनादर करणार नाही. त्याने किती संसार वाचवले याची मोजदाद नाही. पण त्यात मधला मार्ग मांडायला जागाच नाही. पहिला पेला हाच शेवटचा.

गंमत अशी की त्याच काळात मराठी कविता मात्र खुशाल पीत होती. माधव जूलियन यांनी फारसीतून उमर खय्याम मराठीत आणला आणि पुढे ‘द्राक्षकन्या’ असे सुरेख नाव ठेवले. आणि ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे! मुंगावलीला १८७३ मध्ये जन्म, १९४१ मध्ये ग्वाल्हेरलाच अखेर. त्यांची ‘रिकामे मधुघट’ ही कविता रेडिओवरून प्रत्येक मराठी घरात गेली. सोवळे नेसून स्वयंपाक करणाऱ्या माझ्या आजीला ती पाठ होती. त्या घटात काय होते, असे तिला कोणी विचारले असते तर तिने लाटणे उगारले असते.

वास्तविक ‘मधु’ हा शब्द कवींनी हवेतून काढलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार दिले आहेत, आणि मधु म्हणजे द्राक्षाचा रस असे स्वच्छ म्हटले आहे. त्याच्या कापिशायन आणि हारहूरक या जाती जेथून येत त्या गावांच्या नावाने ओळखल्या जात. आज फ्रेंच बाटलीवर गावाचे नाव असते तसे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे द्राक्षापासूनच्या पेयाला स्वतंत्र नाव होते, प्रत होती, उगमाचे गाव होते. इब्न बतूताने चौदाव्या शतकात दौलताबादच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची तारीफ करून ठेवली आहे. द्राक्ष आपल्या मातीतून गेले नाही, पेयाची प्रतवारी मात्र गेली. आंबवलेले आणि गाळलेले यांत तिपटीचा फरक असतो; साध्या द्राक्षमद्यात शंभरात बारा-तेरा भाग मद्यार्क, तर भट्टीतून गाळलेल्या कडक पेयात चाळीसच्या आसपास. पण ‘दारू’ या एका शब्दाखाली आपण दोन्ही टाकले, आणि एकदा एका पोत्यात टाकल्यावर निवडायचे कोणी?

हे सर्व मी पहिल्या रात्री मावशीच्या गच्चीवर तिला आणि तिच्या नातवाला सांगत होतो. नातू पुण्याला संगणकाच्या नोकरीत. तो आणि त्याची बायको सुटीवर आलेले. ते दोघे पुण्यात कधीमधी द्राक्षमद्य घेतात हे मावशीला ठाऊक आहे आणि ठाऊक नाही असे दोन्ही आहे. बोलता बोलता मी म्हणालो की हे स्वस्तातले देशी द्राक्षमद्य आपल्या जेवणाबरोबर कसे लागते याची कोणी नीट परीक्षा घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. बोललो आणि जीभ चावली.

कारण या घराला हा विषय नवा नव्हता. काका १९८१ साली गेले, सत्तेचाळिसाव्या वर्षी, यकृताने. किल्ल्यावरून उतरल्यावर ते मला फाटकाशी सोडत आणि ‘जरा फिरून येतो’ म्हणत. मावशी त्यांचे ताट वाढून झाकून ठेवी. सकाळी ते ताट तसेच असे. त्या सुटीत मी ते झाकलेले ताट कितीदा पाहिले. दुपारी त्यातली पोली गाईला जाई. मावशीने त्याबद्दल आईला कधी पत्रात लिहिले नाही की कोणापाशी बोलली नाही.

मावशी बराच वेळ पंख्याने वारा घेत राहिली. मग म्हणाली, ‘घ्या परीक्षा. पण बाटली कपाटाआड नाही. माझ्यासमोर, आणि ताटाबरोबर. ताट संपायच्या आत पेला संपला तर दुसरा नाही.’

अशी आमची परीक्षा ठरली. परीक्षक तीन: मी, नातू, नातसून. गुण दहापैकी. मावशी नियामक.

पहिली अडचण उन्हाची. बाटलीवर छापलेले असते, लाल मद्य खोलीच्या तापमानाला द्यावे. कोणाच्या खोलीच्या? ग्वाल्हेरला मे महिन्यात कूलर लावूनही आमची खोली छत्तीस अंशांवर होती. तेथे लाल मद्य काढ्यासारखे लागते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग काढले तेव्हा ते ताळ्यावर आले. दुसरे असे की एका दुकानदाराने काचेच्या कपाटात उन्हात उभी केलेली बाटली आम्हांला दिली. तिला पाक जळलेल्या मुरंब्याचा वास येत होता. ती नापासांतही धरली नाही. मागच्या अंधाऱ्या फळीवरची मागावी, एवढे शिकलो.

पहिल्या दिवशी साधे वरण, भात, तूप, लिंबू आणि बटाट्याची काचऱ्याची भाजी. बाटली नाशिकच्या शेनिन ब्लां जातीच्या द्राक्षांची, पांढरी, किंचित गोडसर. नाशिकला राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये वडिलोपार्जित जमिनीत द्राक्षमद्याच्या वेली लावल्या आणि २००० मध्ये पहिले मद्य काढले. त्यानंतर जिल्ह्याचे चित्रच पालटले. वरणभातावर तूप पडले की जिभेवर एक मऊ थर येतो. या पांढऱ्या घोटाने तो थर पुसला जातो आणि पुढच्या घासाला भूक तशीच राहते. ताकाचे काम हेच नव्हे काय? आठ गुण. मला स्वतःला ताक अजूनही अधिक आवडते, हेही नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सोव्हिन्यों ब्लां, तीही पांढरी, पण कोरडी आणि हिरव्या वासाची. कोथिंबीर वडीबरोबर दोघांचे सख्य पाहण्यासारखे होते. नातसुनेने नऊ दिले, मी सात. पण ताटात डावीकडे कैरीची चटणी होती. ती तोंडात असताना तोच घोट पाण्यासारखा बेचव झाला. कैरीपुढे कोण टिकणार?

तिसरा दिवस फजितीचा. शिराझ जातीचे लाल मद्य आणि समोर पिठले, भाकरी, मिरचीचा ठेचा. लाल मद्यात सालीचा तुरटपणा असतो; ठेच्याच्या आगीत तो तुरटपणा कडू झाला आणि आग दुप्पट. नातू पाण्याकडे धावला. तीन गुण. उरलेली बाटली दुसऱ्या दिवशी दुपारी भरल्या वांग्यांबरोबर पुन्हा बसवली, एटीकेटीसारखी. दाण्याचे कूट, तीळ आणि तेल यांनी तुरटपणा गिळून टाकला आणि तेच मद्य गोलाईने उतरले. सात. विद्यार्थी तोच, प्रश्नपत्रिका बदलली.

चौथी बाटली पाहून मला उगाच भरून आले, कारण ती आपल्या सोलापूर जिल्ह्यातली होती. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा भावाभावांच्या तीन जोड्यांनी मिळून उभारलेली ‘फ्रातेल्ली’. इटालियन भाषेत त्याचा अर्थच बंधू. ज्या जिल्ह्यात नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी ‘सोनाका’ हे खाण्याचे द्राक्ष घडवले, तेथेच माळशिरस तालुक्याच्या माळावर आता सांजोव्हेजे ही इटलीची वेल वाढते. आमच्या वाचकांपैकी किती जणांनी ती बाग रस्त्यावरून पाहिली असेल आणि आत काय चालते ते विचारले नसेल! मावशीने त्या दिवशी गोडा मसाला आणि गूळ घालून चिंचेची आमटी केली होती. तिच्याबरोबर मद्य चिडखोर आंबट लागले. गुळापुढे कोणतेही कोरडे मद्य असेच रुसते. पण त्याच ताटात टोमॅटोचे सार होते, आणि त्याची नि या लाल मद्याची ओळख जुनी निघाली. इटलीत ही वेल टोमॅटोच्याच पंक्तीला बसत आली आहे. आठ गुण, त्यांतला एक जिल्ह्याच्या अभिमानाचा, तो वजा करावयाचा असेल तर करावा.

येथे घरच्या हिशेबाचेही बोलले पाहिजे. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणले, विंचूर आणि पलूस येथे मद्य उद्याने आखली; कर्नाटकानेही २००७ मध्ये धोरण केले आणि कृष्णाकाठच्या विजापूर भागात वेली लागल्या. २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत द्राक्षमद्य विकायला मुभा दिली, त्यावर गदारोळ झाला आणि निर्णय कागदावर राहिला. त्या वादात एका बाजूने शेतकऱ्याचे नाव घेतले, दुसऱ्या बाजूने संस्कृतीचे. घरातले ताट कोणीच पाहिले नाही. माझे मत विचाराल तर किराणा दुकानात ते नसावे. काकांसारखी माणसे किराण्यालाही जातात.

पाचवी बाटली सर्वांत स्वस्त, ‘पोर्ट’ नावाची. पोर्तुगालशी तिचा संबंध नावापुरता. नाव लिहीत नाही, कारण आम्ही तिघांनी मिळून तिला दोन गुण दिले: गोड, जड, खोकल्याच्या औषधासारखी. चांदीच्या आगगाडीतली पोर्ट निराळी असणार. पण त्या संध्याकाळीच एक गोष्ट घडली. चार दिवस मावशी कोपऱ्यात बसून बडीशेप चघळत होती आणि पेले मोजत होती. पाचव्या दिवशी तिने नातसुनेचा पेला ओढून घेतला, नाकापाशी नेला आणि बराच वेळ धरून ठेवला. आम्ही कोणी बोललो नाही.

‘ह्याला तो वास नाही,’ ती म्हणाली. मग पुन्हा हुंगून, ‘हे तर द्राक्षासव आहे रे. तुझ्या मावसभावाच्या वेळी बाळंतपणात मला दोन वेळा देत होते, सासूबाई स्वतः मोजून. जेवण झाल्यावर दोन चमचे, तेवढंच पाणी घालून.’

मी इतिहासाचा माणूस, पण हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मनुका, गूळ, धायटीची फुले आणि मसाल्याची द्रव्ये घालून महिनाभर आंबवलेले द्राक्षासव प्रत्येक मराठी घराच्या फडताळात होते, आणि बाटलीवर त्यातल्या मद्यार्काचे प्रमाणही छापलेले होते. कौटिल्याच्या यादीतला ‘आसव’ हा शब्द कोठे गेला नव्हता. तो सासूबाईंच्या चमच्यात होता. आजीने ‘मधुघट’ गाताना ज्याचा संशय घेतला नसता ते तिच्याच कपाटात, कुमारीआसवाच्या शेजारी उभे होते. मावशीने पोर्टला दहापैकी दहा दिले. नियामकाचा निर्णय अंतिम असतो, म्हणून वहीत तसेच लिहिले आहे. त्या दिवसानंतर तिने पेल्यातल्या वस्तूला आसवच म्हटले: ‘तुमचं आसव फ्रिजमधून काढून ठेवलंय.’

नातवाने तिला विचारले, ‘आजी, घोटभर घेतेस?’ ती नाही म्हणाली. जोरात नव्हे, कारल्याची भाजी नको म्हणावी तसे.

निघायच्या आदल्या रात्री पाचही बाटल्यांचे तळाशी थोडे थोडे उरले होते. मी ते ओतून द्यायला निघालो तर मावशीने बाटल्या हातातून घेतल्या, सगळे एका चिनी मातीच्या बरणीत ओतले आणि मूठभर मीठ टाकले. म्हणाली, ‘पावसाळ्यापर्यंत आंबट होईल, कांद्यावर घालू.’ मी तिला बाबराचे सांगितले: गझनीचे मद्य, त्यात टाकलेले मीठ, पाचशे वर्षांपूर्वी.

‘त्याच्याही घरी कोणी शहाणी बाई असेल,’ मावशी म्हणाली, आणि बरणीला दादरा बांधून ती फडताळात ठेवायला गेली.